थांब्यावरची मोजणी

तिसऱ्या दिवशीही सकाळचे आठ वाजेपर्यंत मोजणीदाराच्या हातातील यंत्राचा आकडा एकशे बाराच्या पुढे सरकला नव्हता.

वसाहतीच्या बसथांब्यासमोर खुर्ची टाकून तो बसला होता. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक माणसागणिक अंगठ्याने कळ दाबणे, एवढेच त्याचे काम. शहरातून येणारा रेल्वेचा नवा मार्ग या वसाहतीपर्यंत आणावा की अलीकडेच थांबवावा, हे या मोजणीवर ठरणार होते. सहा ते नऊ या वेळेत, तीन दिवसांची सरासरी हजार भरली तर स्टेशन. अन्यथा एवढा खर्च व्यर्थ, असे वरिष्ठांचे मत होते.

तो स्वतः याच वसाहतीत भाड्याच्या खोलीत राहत असे. त्याची पत्नी शहरातील रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. जाण्यायेण्यात तिचे रोज चार तास मोडत. रेल्वेने ते चाळीस मिनिटांवर येणार होते. केवळ त्यासाठी त्याने ही नेमणूक मागून घेतली होती. आणि नेमकी याच तीन दिवसांत तिने रजा काढली होती.

"तू आली असतीस तर एक आकडा तरी वाढला असता," तो सकाळी म्हणाला होता.

"एकीनं काय होतंय? तुम्ही आपलं खरं तेवढंच लिहा," ती चहा गाळता गाळता म्हणाली होती.

थांब्यावर गर्दी का नाही, असे त्याने काल वसाहतीतल्या शिंप्याला विचारले होते, तर तो म्हणाला होता, "हल्ली कामंच कुठं आहेत, दादा? घरीच बसतात लोकं."

एवढ्यात घरमालक काका डुलत डुलत आले. "काय मोजणीदार, जमेना वाटतं?"

"नाही हो काका."

"मग दाबा की अडीच-तीन हजार वेळा! कळ काय चहाड्या सांगणार आहे? एकदा स्टेशन येऊ द्या, तीन हजारांची खोली सहा हजारांना मागायला येतील लोकं."

"आणि आम्ही कुठं जायचं?"

"छे, छे! तुम्ही घरचीच माणसं. तुम्हाला साडेपाच."

दोघेही हसले. मोजणीदाराचा अंगठा क्षणभर कळेवर रेंगाळला. परंतु त्याने तो उचलून घेतला.

नऊ वाजता साहेब जीपमधून आले. सरासरी निघाली एकशे चाळीस. "ज्यांना बससुद्धा लागत नाही, त्यांना रेल्वे कशाला हो?" असे म्हणून त्यांनी कागद पाकिटात घातला, पाकीट लाखेने बंद केले आणि ते पुढच्या गावी निघून गेले.

यंत्र कचेरीत जमा करण्यासाठी मोजणीदार सव्वानऊच्या बसमध्ये चढला. आत पाचच माणसे होती. खिडकीशी बसून, पत्नीला हे कोणत्या तोंडाने सांगावे, याचा तो विचार करू लागला.

कालव्यापलीकडे, दोन मैलांवरच्या पुढल्या थांब्याशी बस थांबली. रांग थेट वळणापर्यंत गेली होती. शिंपी होता, शिंप्याचे दोघे भाऊ होते, शेजारच्या वहिनी होत्या. सर्वांचे पाय घोट्यापर्यंत धुळीने माखले होते. तिसऱ्या क्रमांकावर उभी असलेली त्याची पत्नी बसमध्ये चढली, त्याला पाहून क्षणभर थबकली आणि मग पदराने कपाळ टिपत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मोजून झालं ना? मग सरका जरा."