अनपेक्षित खर्चाचं हेड

पंचायत समितीतून लेखापाल म्हणून निवृत्त झाल्यावर श्रावणजींनी म्हातारपणातल्या अनपेक्षित मोठ्या खर्चासाठी चार लाखांची एफडी करून ठेवली. एका हेडचा, म्हणजे खर्चाच्या एका खात्याचा, पैसा दुसऱ्या हेडवर टाकायचा नाही, हा छत्तीस वर्षांचा नियम त्यांनी आसगावच्या घरातही चालू ठेवला. छपराचे कवेलू फुटून घर गळायला लागलं तेव्हासुद्धा एफडी मोडली नाही, कारण पावसाळा दरवर्षीच येतो.

आता प्रश्न बायकोच्या गुडघ्यांचा होता.

"अजी, आता संडासातून उठता येत नाही मले," रुखमाबाई म्हणाल्या. "काढा ना ते पैसे."

"डॉक्टरनं चार सालापह्यलेच सांगतलं होतं, गुडघे जाणार म्हणून," श्रावणजी शांतपणे म्हणाले. "मंग हा खर्च अनपेक्षित कसा? त्या हेडमंधी बसत नाही."

"मले तरी कुठं बसता येते खाली," असं पुटपुटत रुखमाबाईंनी पिशवी भरली आणि चार दिवस पोरीकडे, रीनाकडे राहून येते म्हणून सोमवारी नागपूरला गेल्या.

गुरुवारी दुपारी श्रावणजी कालचा भात परतत होते, तेवढ्यात रुखमाबाईंचा फोन आला.

"दवाखान्यातून बोलून राहिली. रीनानं भरती केलं मले, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. पैसे सांजपर्यंत भराचे आहेत."

श्रावणजींच्या हातातला सराटा कढईतच थांबला. "अवो, पण मले आधी विचारलं काहून नाही?"



"विचारलं असतं, तर तुमच्या हेडमंधी बसलं असतं का?"