मेणाने बुजवलेली सनई

नदीवर खंड्या पक्ष्याचा फोटो काढायला निघालेला सबनीस सनईच्या आवाजामागे भटकत देवळाच्या नगारखान्यात चढला, तेव्हा दौलत गुरवाची बोटं सनईवर नुसती नाचत होती. कोवळं ऊन नेमकं त्याच्या तोंडावर आलेलं. फोटो जमल्यातच जमा होता, फक्त मागे बसलेला म्हातारा मध्ये येत होता. त्याच्याही ओठांना सनई होती, पण बोटं काही हलत नव्हती.

"आजोबा, जरा बाजूला होता का? दोनच मिनिटं."

म्हाताऱ्याने सनई खाली घेतली आणि उठून भिंतीला टेकला. सबनीसने कॅमेरा डोळ्याला लावला, तर दौलत थांबलेला.

"वाजवा की."

"कशावर वाजवू? सूर आमचा दादा धरतो."

दौलतने भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्याकडे मान केली. म्हाताऱ्याने आपली सनई पुढे केली. तिची भोकं मेणाने बुजवलेली होती.

"मला एकच सूर," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली."

खाली गाभाऱ्यातली घंटाही थांबली. पुजारी अंगणात येऊन वर बघू लागला. पूजा चालू असताना सूर कधी तुटला नव्हता.

सबनीस ओशाळला. "बसा, बसा तुम्ही जागेवर."

"आधी तुमचा फोटो काढून घ्या," म्हातारा त्याचीच समजूत घालत म्हणाला. "फोटोत सूर कुठं ऐकू येतोय?"

पण सबनीसने त्याला हाताला धरून पुन्हा जागेवर बसवलं. सूर पुन्हा लागला. सबनीसने कॅमेरा वर धरला, खाली घेतला, पुन्हा वर धरला. फोटो कुणाचा काढायचा, तेच त्याला कळेना.