शेपटीवाला शब्द

मेल्विना टीचर रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी वाडीत आलेलं प्रत्येक इंग्रजी पत्र वाचून घ्यायला लोक तिच्याकडेच येत. आज सुगंधा आली. तिच्या मुलाच्या मुंबईच्या वकिलाचं हे दुसरं पत्र. आई राहते ते घर रिसॉर्टवाल्याला विकताना आपल्या अशिलाला कसलेही ‘qualms’, म्हणजे मनाला टोचणी, नाहीत, असं वकिलाने लिहिलं होतं.

टीचरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "झिलाची तुझ्याबद्दल कायएक तक्रार नाय, म्हणता."

सुगंधाने पदराला हात पुसून त्या शब्दावर बोट ठेवलं. "टीचर, ह्यो शेपटीवालो शब्द गेल्या पत्रात पण होतो. तेवा तुमी सांगितलात, झिलाक घाई नाय."

टीचरला सुगंधाकडे बघवेना.

सुगंधाने दमलेल्या हातांनी कागदाची घडी घातली. "ऱ्हवांदे, टीचर. माझ्याशी खोटा बोलताना तुमच्या जीवाक जा होता, ता माझ्या झिलाक होणा नाय. असाच लिवलाहा मां?"