बारावी शपथ

अण्णारावांनी पिशवीतून नारळ काढला, भंडाऱ्याची पुडी बाकावर ठेवली आणि विचारलं, "कुठं फोडू?"

लातूरच्या शाळेतल्या त्या खोलीत चौदा माणसं बसली होती. रविवारची सुट्टी म्हणून वर्ग त्यांना मिळाला होता. पोरांच्या बाकांत गुडघे मावत नव्हते, तरी सगळे शहाण्यासारखे बसले होते. दारू सोडणाऱ्यांची ही बैठक दर रविवारी अकराला भरते, एवढं अण्णारावांना औशाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. तिथं काय करतात ते त्यांनी विचारलं नव्हतं. दारू सोडायची म्हणजे चार माणसांत देवाची शपथ घ्यायची, त्यात विचारायचं काय?

शपथेच्या बाबतीत अण्णारावांचा हात धरणारा औसा तालुक्यात कुणी नव्हता. माळेगावच्या खंडोबाचा भंडारा उचलून त्यांनी तीनदा दारू सोडली होती. कंधारच्या दर्ग्यात चादर चढवून एकदा. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून दोनदा. बाकीच्या, मेलेल्या आईच्या नावानं. अशा एकूण अकरा, आणि त्या अकराही त्यांच्या बायकोला, साखराबाईला, तोंडपाठ होत्या. सगळ्यात टिकाऊ शपथ एकोणीस दिवस चालली होती.

येत्या शुक्रवारी त्यांच्या पोरीचा, उज्वलाचा, साखरपुडा होता. सोयरे देवणीचे. गेल्या महिन्यात हेच पाहुणे पोरगी बघायला आले, तेव्हा अण्णाराव दारातल्या चपलांत झोपलेले सापडले होते. तरी सोयरीक मोडली नाही, हे पोरीचं नशीब. परवा साखराबाईनं आवाज न चढवता सांगितलं, "हे शेवटचं. शपथ घेऊन आलात तर शुक्रवारी पोरीचा बाप म्हणून बसा. न्हाईतर माझा भाऊ व्यंकटी बसल." नारळ आणि भंडारा तिनंच पिशवीत घातला होता.

"फोडायचा न्हाई," समोरचा माणूस म्हणाला. त्याचं नाव संघपाल, बँकेत कारकून, चार वर्षांपासून दारूला शिवलेला नाही. "इथं शपथ देत न्हाईत."

नव्या माणसाला लगेच देत नसतील, असं अण्णारावांना वाटलं. "मग कधी देता? मला शुक्रवारच्या आत पायजे."

मागं कुणीतरी हसलं. संघपाल हसला नाही. "मीबी लई घेतल्या, अण्णाराव. विहारात घेतल्या, लेकराच्या अंगावर हात ठेवून घेतल्या. जन्मभराची शपथ आपल्याला पेलत न्हाई. इथं फक्त आजचं बोलायचं. आज प्यालो न्हाई. उद्याचं उद्या."

एवढ्यासाठी बसभाडं घालून आलो का, असं अण्णारावांच्या ओठावर आलं होतं. पण चहा आला म्हणून ते बसले आणि बसले म्हणून त्यांनी ऐकलं. एकेक जण उठून आपापलं सांगत होता. ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आलं की शपथ घेतली की आपल्याला किती हलकं वाटायचं, एखादं मोठं काम उरकल्यासारखं. आणि मोठं काम उरकलं की अण्णाराव आजवर एकच करत आले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं.

दुपारी ते औशाला उतरले. स्टँडवरून घरी जायला दोन रस्ते होते. दारूचं दुकान नसलेला, लांबचा रस्ता त्यांनी धरला.

साखराबाईनं पिशवी हातात घेतली. आत अख्खा नारळ. तिला काय समजायचं ते समजलं.

"म्हणजे गेलाच न्हाईत."

"गेल्तो. पर शपथ घेतली न्हाई."

उज्वला आतून येऊन दाराशी उभी राहिली होती. ती बापाकडं बघत होती. बारावी शपथ घेणं अगदी सोपं होतं. पुडी पिशवीत होती, हात घालायचा अवकाश. पोरीचं तोंड बघून तर अण्णारावांना वाटलं, घेऊनच टाकावी. त्यांनी हात मागं बांधले.

"आज प्यालो न्हाई," ते म्हणाले. "शुक्रवारचं शुक्रवारी सांगतो. त्याच्याफुडं आज काई बोललो तर ते खोटं हाय."

बावीस वर्षांच्या संसारात साखराबाईनं या माणसाच्या तोंडून खूप गोड ऐकलं होतं. एवढं कोरडं कधी ऐकलं नव्हतं. मग तिनं फडताळावरचा मोबाईल घेतला आणि भावाला फोन लावला. अण्णाराव काय ते समजले आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचा जीव अगदी एवढासा झाला.

"व्यंकटी, ते साखरपुड्याचं बोलायचं व्हतं," साखराबाई म्हणाली. पलीकडून भावानं विचारलं असावं, की बसायचं का मी? तिनं भिंतीशी बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं.

"शुक्रवारचं शुक्रवारी सांगते. आज इचारशील तर हेच बसनार हायेत."