काळ्या पाण्यातली किनार

आमच्या घरात साडीची किनार बापाकडून पोराला मिळते. बाबांना आजोबांची करवती किनार मिळाली, करवतीच्या दातांसारख्या नक्षीची. बाबांना मी एकटीच. "आपली किनार माह्यासंगंच संपली," असं म्हणून त्यांनी हातमागावर पोती रचून ठेवली होती.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी, मागाच्या त्याच खोलीत मी कार्डिनल टेट्रा पाळले. जेमतेम दीड पेराएवढे, निळ्या-लाल अंगाचे मासे, आणि पाण्याला रंग यावा म्हणून टाकीत वाळलेली बदामाची पानं.

"पाणी चहावानी काळं झालं वं रुचिका. बदलत काहून नाही?"

"बाबा, हे दक्षिण अमेरिकेतल्या काळ्या पाण्याच्या नदीतले मासे आहेत. साध्या पाण्यात यांचा रंग फिका पडते."

रंग फिका पडतो म्हटल्यावर विणकर बाबा खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. मग रोजच बसू लागले. एका सकाळी मागावरची पोती अंगणात दिसली आणि आतून मागाची खटखट ऐकू आली.

परवा हातमागाच्या प्रदर्शनात एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी बाबांची साडी उचलली. चहाच्या रंगाचं रेशीम, काठाला चमकती निळी रेघ आणि तिच्याखाली लालभडक पट्टा.

"शालिकरामजी, ही करवती नाही. अशी किनार कधी पाहिली नाही. वडिलांकडची का?"

बाबांनी मला हात धरून पुढे ओढलं.

"नाही बाई. ही मले पोरीकडून भेटली."