सरांचा अंगठा

हॉस्पिटलातल्या ठमामावशी अंगठ्याचं मशीन घेऊन जिन्यावरून तशाच परत आल्या.

"सर अंगठा देत न्हाईत."

"देत नाहीत म्हणजे?" डॉ. प्राचीने विचारलं.

"म्हंजे न्हाईच देत. रोज देत्यात. आज न्हाई."

खाटेवर म्हाळसाबाई होती, महाळुंगे पडवळची. हृदयाचे ठोके इतके मंद, की मॉनिटरवरचा पुढचा ठोका येईपर्यंत प्राचीचा श्वास अडकायचा. तात्पुरता पेसमेकर बसला, तर बाई पुण्यापर्यंतचा रस्ता सोसेल. नाही बसला, तर चाकणच्या ट्रॅफिकमध्येच—

वाक्य इथे तोडलेलं बरं. जानकू ऐकत होता.

जानकू तिचा मुलगा. मेंढपाळ. मघाशी आई गोळी घेईना, तेव्हा त्याने तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आपला अंगठा आत सरकवला. मिटलेला जबडा आपोआप सुटला.

"मी काय मेंढी हाय का रं?" म्हाळसाबाई पुटपुटली.

"मेंढी बरी. ती तरी गुमान गिळती."

मशीनवर अक्षरं उमटली: पुन्हा प्रयत्न करा.

पेसमेकर घेऊन एक माणूस नारायणगावात बसला होता. विमा कंपनीची मंजुरी मोबाईलवर दिसल्याशिवाय तो गाडी काढणार नव्हता. अंगठ्याशिवाय मंजुरी येणार नव्हती. आणि कंपनीला या हॉस्पिटलातला एकच फिजिशियन माहीत होता. डॉ. भगवंत, एम.डी. प्राचीही एम.डी. होती. पण कंपनीच्या पॅनलवर नाव चढवायचा तिचा अर्ज दर वेळी परत यायचा. कधी शिक्का पुसट, कधी फोटो जुना. तोवर हात तिचे, अंगठा सरांचा. अवसरी फाट्यावरचं ते हॉस्पिटल असंच चाललं होतं.

"पाटीवर नाव भगवंत सायबांचं," जानकू म्हणाला. "त्ये कुठं हायेत? तुमी शिकाऊ हाय का, मॅडम?"

"नाही."

"मग त्ये का येत न्हाईत? आमी रानातली मानसं म्हून?"

"दादा, तसं नाही."

"तसंच हाय. बसलं असतील वर चहा पीत. बघतोच त्यांच्याकडं."

तो जिना चढू लागला. प्राचीने अडवलं नाही. म्हाळसाबाईपाशी मावशी थांबल्या. प्राची मशीन घेऊन त्याच्या मागोमाग गेली.

वरची खोली.

पलंग. नाकात नळी. गळ्याशी बांधलेला टॉवेल. तोंडाच्या एका कोपऱ्यातून ओघळणारी लाळ.

भगवंत सर दिवाळीपासून असेच होते. लकव्याने डावी बाजू गेली होती, वाचाही. रोज सकाळी मावशी त्यांचा उजवा हात उचलून अंगठा काचेवर टेकवायच्या. सर तो हात सैल सोडून द्यायचे, जणू तो त्यांचा नव्हताच. खाली पेशंट बरे होऊन घरी जायचे.

आज तो हात सैल नव्हता. मूठ आवळलेली. अंगठा आत. डोळे उघडे, थेट प्राचीवर.

तिला कळलं. एवढ्या महिन्यांत सरांनी पहिल्यांदाच काही सांगितलं होतं. तिला लाज वाटली. आणि सुटल्यासारखंही वाटलं. तिने मशीन खाली ठेवलं.

"हेच भगवंत सर," ती म्हणाली.

जानकू उभाच होता.

"बोलत न्हाईत?"

"नाही. पेसमेकरच्या मंजुरीला यांचाच अंगठा लागतो, पण आज ते नको म्हणतायत. मी त्यांच्यावर जबरदस्ती करणार नाही. ॲम्ब्युलन्स बोलावते."

"आय पोचंल पुण्याला?"

प्राची मोबाईलवर ॲम्ब्युलन्सचा नंबर शोधू लागली.

जानकू पलंगाच्या कडेला टेकला. टॉवेलच्या टोकाने त्याने सरांची लाळ पुसली, अगदी हलक्या हाताने.

"लई हाल झालं तुमचं, सायेब," तो म्हणाला.

मग त्याने सरांच्या आवळलेल्या मुठीच्या कोपऱ्यातून आपला अंगठा आत सरकवला.

"मॅडम, मशीन हिकडं आना."