जोडाघरातली पाळी

फळीवर ठेवलेला चपलांचा जोड उचलायला शेषेराव वाकले आणि समोरून आवाज आला.

"हेडमास्तर, तुम्ही हितं?"

महादेवप्पा होते. नायगावच्या शाळेत बावीस वर्षं शेषेरावांच्या हाताखाली गणित शिकवलेले. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग चिडीचूप व्हायचा, ते हेडमास्तर डोक्याला रुमाल बांधून, हातात फडकं घेऊन नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात उभे होते, लोकांचे जोडे सांभाळायला.

दोन वर्षांपूर्वी महादेवप्पांना दर्शन घ्यायचं होतं म्हणून हेच दोघं इथं आले होते. तेव्हा फळीमागे बजरंग होता, शेषेरावांचा एकुलता एक मुलगा. रोज सकाळी आपलं मोबाईल दुरुस्तीचं दुकान उघडण्याआधी तो दोन तास जोडाघरात सेवेला यायचा. शेषेरावांना हे ठाऊक होतं आणि मुळीच सोसत नव्हतं. कुठल्याच देवापुढे कधी न वाकलेल्या माणसाचं पोरगं, आणि लोकांच्या वहाणा पुसतंय.

"हा तुमचा बजरंग ना?" महादेवप्पांनी तेव्हा विचारलं होतं.

"न्हाई. माझा पोरगा दुकानावर असतो."

बजरंगनं ऐकलं. मान वर केली नाही. बापाचे बूट घेतले, नंबराचा बिल्ला पुढे केला आणि परक्या माणसाला म्हणावं तसं बापालाच म्हणाला, "जपून ठेवा, काका."

महादेवप्पांचं दर्शन झाल्यावर दोघं परतले, तेव्हा शेषेरावांच्या बुटांवर धुळीचा कण नव्हता. घरी या गोष्टीचं नाव बापलेकांपैकी कुणीही काढलं नाही.

गेल्या वर्षी बजरंग अपघातात गेला. चौदाव्या दिवशी शेषेराव इथं आले, ते भांडायच्याच तयारीनं. "माझ्या पोराला यात काय दिसत होतं?" त्यांनी जोडाघर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सरदारजींना विचारलं. सरदारजींनी बजरंगचं फडकं तेवढं त्यांच्या हातात ठेवलं. तेव्हापासून शेषेराव रोज येतात. देव अजून दिसलेला नाही. आतलं कीर्तन कानावर आलं की मात्र हात मंदावतो आणि वाटतं, हे पोरालाच विचारायला हवं होतं. पण सकाळी अंथरुणातून उठायला कारण मिळालंय, हे खरं.

महादेवप्पा अजून बघतच होते. "बजरंगचं कळलं मला," ते हळूच म्हणाले. "मग त्या दिवशीचा तो पोरगा..."

शेषेरावांनी चपला पुसल्या, खणात ठेवल्या. शाळेत प्रार्थनेला उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले आणि बिल्ला पुढे केला.

"माझाच. ही पाळी अजून त्याचीच हाय, महादेवप्पा. मी निस्ता त्याच्या बदली उभा हाय."